हात तोडणं आणि हात पोचणं

मागल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एका मित्राने कविता वाचली. तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या मोटारीवरून आपल्या एका पोराला मारलं होतं. उजवा हात कोपरातून मोडला. ठाण्यात फिर्याद घ्यायलाच तीन दिवस लावले. त्या रागातून ही कविता आलेली. मारणाऱ्यांचे हात तोडा, डोळे काढा, तोंडात उकळतं तेल ओता, चौरंग करून वेशीत बसवा, मग बघू कुणाची हिंमत होते ती, असा तिचा सूर. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

त्या पोराची आजी मागे भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "चांगलं लिवलंस बाबा. पर त्याचा हात तोडून मी काय चुलीत घालू? त्याला कोर्टात हुबा करा, समद्या गावाम्होरं. आन् माझं नाव पुकारू द्या, का हिनं फिर्याद दिलीय म्हनून."

यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण टाळी वाजवायची का मान खाली घालायची, हेच कुणाला कळेना.

हा लेख म्हणजे त्या कवितेची समीक्षा. कवीचं नाव देत नाही, कारण ही कविता त्याच्या एकट्याची नाही. दर अत्याचारानंतर ती आपल्यातला कुणी ना कुणी लिहितो. प्रस्थापित समीक्षक असता तर प्रतिमा मोजल्या असत्या, 'विद्रोहाची धग' वगैरे म्हणून मोकळा झाला असता. आपल्याला तसं मोकळं होता येत नाही. आपल्याला विचारलं पाहिजे की कविता जे मागते ते न्याय्य आहे काय? गुन्हेगार खराच गुन्हेगार असला, पुरावा चोख असला, तरी त्याला क्रूर शिक्षा देणं नीतीत बसतं काय?

१

आधी एक साधी गोष्ट. कवितेतलं ते उकळतं तेल आलं कुठून? कवीला वाटतं त्याच्या रागातून. तसं नाही. ते मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातून आलंय.

शूद्र द्विजाला कठोर बोलला तर त्याची जीभ छाटा. नाव आणि जात घेऊन हिणवलं तर दहा बोटं लांबीची तापलेली लोखंडी सळई तोंडात घाला. ब्राह्मणाला धर्म शिकवायला लागला तर तोंडात आणि कानात उकळतं तेल ओता. एका आसनावर बसला तर ढुंगणावर डाग द्या आणि हाकला. गौतमाच्या धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेला धातू आणि लाख ओतायला सांगितलंय. आणि ब्राह्मणाने देहदंडाचा गुन्हा केला तर? मुंडण. कितीही पापं केली तरी त्याला मारायचं नाही. जखम न करता, मालमत्तेसकट देशाबाहेर पाठवायचं.

इथे सनातनी पंडित एक श्लोक काढून दाखवतो, तोही बघू. चोरीचा दोष शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट. म्हणजे मनू वरच्याला जास्त धरतो, असं तो म्हणतो. धरतो ना. पण कशाने धरतो? तिथे दोषाची पट मोजलीय. अंग कापायची वेळ आली की हिशोब उलटा फिरतो. वरच्याला आकडा आणि खालच्याला सळई.

आता सातवा अध्याय काढा. तिथे दंडाची थोरवी आहे. सगळे झोपतात तेव्हा दंड जागा असतो. राजाने दंड चालवला नाही तर बलवान दुबळ्यांना सळईवर मासे भाजावेत तसे भाजतील. वाचताना वाटतं, वा, दुबळ्यांची काळजी आहे की! आणि एकच अध्याय ओलांडला की सळई तापलेली असते आणि ती दुबळ्याच्याच तोंडात जाते. क्रूर शिक्षेचं समर्थन नेहमी दुबळ्याच्या नावाने सुरू होतं. संपतं कुणाच्या अंगावर, ते बघायचं.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त हे नेमकं पकडलं. चातुर्वर्ण्य आपोआप टिकत नाही, त्याला दंडाचा आधार लागतो, असं त्यांनी मांडलं आणि उदाहरण दिलं शंबूकाचं.

२

शंबूकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती शिक्षेची गोष्ट म्हणून वाचत नाही. उत्तरकांडात एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. राज्यात कुणीतरी गुन्हा करतंय, म्हणून हे झालं, असं ठरतं. राम शोधत निघतो. एक माणूस खाली डोकं वर पाय करून तप करताना सापडतो. राम त्याची जात विचारतो. शूद्र, असं उत्तर येताच तलवार चालते. देव वाहवा करतात, फुलं उधळतात आणि तिकडे पोरगा उठून बसतो.

यात चौकशी आहे, कबुलीजबाब आहे, शिक्षा आहे, समाजाचं हितसुद्धा आहे. न्यायाचं सगळं सामान आहे. नाही तो फक्त गुन्हा.

पुढे आठव्या शतकात भवभूती आला. हा मोठा कवी. त्याला हे प्रकरण जड गेलं असणार. 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात त्याचा राम तलवार उचलताना आपल्या उजव्या हाताशी बोलतो. गर्भार सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली दया, अशा अर्थाचं. रसिकांचे डोळे इथे ओले होतात. पण दोस्तहो, डोळे कुणासाठी ओले होतात? मारणाऱ्यासाठी. मरणारा तर लगेच दिव्य रूप घेऊन हजर होतो आणि मारणाऱ्याचेच उपकार मानतो! वाल्मीकीचा राम निदान अवघडत नाही. भवभूतीचा राम अवघडतो आणि मारतोच. क्रूरतेला कारुण्याची कल्हई लावली की ती जास्त दिवस टिकते.

त्या हाताबद्दल मात्र आणखी बोललं पाहिजे. रामाने स्वतः तलवार धरली म्हणतात. आपल्या मुलखातल्या इतिहासात हुकूम देणारा स्वतः धरत नसे. फाशी देण्याचं काम मांगांच्या माथी मारलेलं होतं. शिक्षा सांगणारा पाटावर बसून सांगणार आणि दोर ओढणारा हात आपला. काम झालं की तोच हात विटाळाचा. क्रूर शिक्षेला नेहमी एक हात लागतो आणि तो हात माणसाचाच असतो. ज्या व्यवस्थेत ही शिक्षा असते, तिथे असा एक माणूस घडवावा लागतो, ज्याला दुसऱ्याचं अंग तोडताना काही वाटू नये. 'हात तोडा' म्हणणाऱ्या कवीने सांगावं, तोडणार कोण? तू? तुझा भाऊ? का पुन्हा कुणीतरी खालचा?

३

आता म्हणाल, शंबूक तर निरपराध होता. खऱ्या गुन्हेगाराचं बोला. तर घाशीरामचं बोलू.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आलं आणि गदारोळ झाला. परमुलखातून आलेला ब्राह्मण घाशीराम. पुण्याचे ब्राह्मण त्याला चोर ठरवून मारतात, हाकलतात. तो सूड घ्यायची शपथ घेतो, पोटची पोर नाना फडणविसाला देतो आणि कोतवाल होतो. मग शहरावर जुलूम. तापलेला लोखंडी गोळा हातावर ठेवून खरंखोटं काढणं. शेवटी कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, जमाव उसळतो, नाना घाशीरामच्या मरणाच्या हुकमावर सही करतो आणि जमाव त्याला ठेचून मारतो. इतिहासातला घाशीरामही १७९१ मध्ये असाच दगडांनी मेला.

घाशीराम निरपराध नव्हता. त्याने केलं ते भयानक होतं. तरी पडदा पडताना पोटात ढवळतं. का? कारण नाना तिथेच उभा असतो. ज्याने घाशीरामला बनवला, त्याच्या पोरीला भोगली, तो उत्सव करा म्हणून सांगतो. ठेचलेल्या एका देहावर सगळ्या राज्याचं पाप लादलं आणि राज्य धुतल्यासारखं स्वच्छ झालं. हे तेंडुलकरांनी अचूक दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. क्रूर शिक्षा डोळ्यांत भरते. ती इतकी डोळ्यांत भरते की तिच्या मागे उभा असलेला नाना दिसत नाही.

पण नाटकाचं एक राहून गेलं. त्यात गोळा ब्राह्मणाच्या हातावर ठेवतात तेव्हा प्रेक्षागृह शहारतं. पेशवाईतल्या पुण्यात आपल्या माणसांचं काय चाललं होतं? १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मुक्ताबाईचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, चौदाएक वर्षांची. तिने लिहिलंय की तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरत. घाशीरामचा जुलूम हा शहराला जुलूम वाटला, कारण तो ब्राह्मणांवर झाला. मुक्ताबाईने सांगितला तो जुलूम कुणाला जुलूम वाटलाच नाही. तो रिवाज होता. ब्राह्मणांची जी माणसांची भिंत नाटकात हलते-डुलते, तिच्या पलीकडे आपण होतो. नाटक तिथवर गेलं नाही.

४

आता सगळ्यात अवघड उदाहरण. कवीने 'चौरंग' हा शब्द वापरलाय, तो मनूचा नाही. तो शिवकाळाच्या अभिमानातून आलाय. रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर. १६४६ च्या जानेवारीतलं पत्र आहे. त्याने बदअमल केला, म्हणजे बाईवर अत्याचार केला असा त्याचा अर्थ लावतात. शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडून त्याला पाटीलकीवरून दूर केलं. कुठेही बलात्काराची घटना घडली की महाराष्ट्रात हे उदाहरण निघतं. आपल्या सभांतही निघतं.

मला विचाराल तर या घटनेत न्याय आहे. पण तो कुठे आहे ते नीट बघा. तो पाटील होता. गावचा मालक. त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. राजाचा पोचला. पाटीलकीने त्याला वाचवलं नाही. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोकांच्या मनात ही गोष्ट राहिली ती यासाठी. नुसते हातपाय तोडणं ही त्या काळी बातमी नव्हती. गरिबांचे तुटतच होते. नवल होतं ते पाटलाला धरलं याचं.

आणि त्याच पत्रात पुढे काय आहे? त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळायला घेतलं आणि पाटीलकी सोनजीकडे गेली. अंग तुटलं, वतन घरात राहिलं.

म्हणून म्हणतो, हात पोचणं आणि हात तोडणं या दोन गोष्टी आहेत. आपण दोन्ही एकच समजतो. न्याय पोचण्यात आहे. तोडण्यात आहे तो त्या काळाचा रिवाज. आणि आजकाल तर उलटंच दिसतं. जिथे हात पोचत नाही, तिथेच तोडायची भाषा जोरात.

पोचणं कसं असतं ते महाडला बघा. २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्यालो, म्हणून परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांना, बायापोरांना झोडपलं. आपल्यात फौजेतले गडी होते. एक शब्द मिळाला असता तर महाडमध्ये वेगळंच घडलं असतं. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. खटला चालला आणि जूनमध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आज वाटेल, चारच महिने? पण अस्पृश्याला मारल्याबद्दल सवर्ण तुरुंगात गेला, हे किती मोठं होतं! मग २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. जाळायचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते. आपण ज्या पुस्तकात उकळतं तेल होतं ते पुस्तक जाळलं. तेल उचलून दुसऱ्याच्या तोंडात ओतलं नाही.

५

खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारलं. आपण रस्त्यावर आलो. फाशी, फाशी म्हणून घसे बसले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली. आपल्याकडे पेढे वाटणारेही होते. २०१० मध्ये हायकोर्टाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि आपण पुन्हा चिडलो. पण खरी गोची दोन्ही निकालांत सारखीच होती. ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असं दोन्हीकडे ठरलं. म्हणजे माणसं मेली, जात मात्र निर्दोष सुटली. फाशीच्या शब्दाने आपले डोळे असे दिपले की पहिल्या दिवशी हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही. पुन्हा तेच. घाशीराम दिसला, नाना निसटला.

६ डिसेंबर २०१९. आपण चैत्यभूमीच्या रांगेत उभे होतो. त्याच पहाटे हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिला मारल्याचा आरोप. गुन्हा असा की ऐकून रक्त उसळावं. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. रांगेतही मोबाइलवर बघून "बरं केलं" म्हणणारे होते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने सांगितलं की ठार मारायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि त्यातले तिघे अल्पवयीन होते. खटला चाललाच नाही, त्यामुळे दोषी कोण हे आता कधीच सिद्ध होणार नाही. त्या मुलीलाही न्याय नाही. फुलं तेवढी पडली. ही फुलं मी ओळखतो. शंबूकाचं मुंडकं उडालं तेव्हा वरून पडली होती तीच ही.

आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी म्हणून. भिक्षा मागणारी माणसं ती. जमावाला वाटत होतं, आपण गुन्हेगाराला शिक्षा करतोय. क्रूर शिक्षा एकदा 'योग्य माणसाला' चालते असं म्हटलं की योग्य माणूस कोण हे ठरवायला आपल्याला कुणी बोलवत नाही. ज्यांना इंग्रजाने १८७१ मध्ये जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या वस्तीवर जाऊन विचारा.

६

मग काय माफ करायचं? मुळीच नाही. हे गांधीवादी गोडबोलेपण आपलं नव्हे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापती बुद्धाला विचारतो, गुन्हेगाराला शिक्षा करावी की नाही? बुद्ध सांगतो, शिक्षेस पात्र असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. दोष शिक्षा करणाऱ्याचा नाही, गुन्हा करणाऱ्याचा आहे. त्याच ग्रंथात बाबासाहेब एक भेद करतात. मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. मला वाटतं आपल्या प्रश्नाचं उत्तर या भेदात आहे. गुन्हेगाराला अडवणं, बांधून ठेवणं, त्याची सत्ता काढून घेणं, भरपाई वसूल करणं, ही गरज. ती कठोर असू शकते. पण डोळे काढणं, तेल ओतणं, अंग तोडणं यांची गरज कधीच नसते. गरज बंदोबस्ताने भागते. त्याच्यावर जे उरतं ती इच्छा असते. क्रूरता म्हणजे नुसती इच्छा. म्हणून गुन्हेगार कितीही नीच असला तरी ती न्याय्य होत नाही. ती त्याच्या लायकीवरून ठरतच नाही. ती आपण कोण आहोत यावरून ठरते.

अंगुलिमालाला बुद्धाने संघात घेतलं. पण सुटका इतकी सोपी नव्हती. भिक्षेला गेला की लोक दगड मारत. डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, असा तो परत येई आणि बुद्ध सांगे, सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. बुद्ध त्याला जबाबदारीतून सोडत नाही. पण दगडही उचलत नाही.

अशोकाने आपल्या स्तंभलेखात 'दंडसमता' असा शब्द वापरलाय. सगळ्यांना सारखा दंड. त्याच लेखात मरणाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिलीय, म्हणजे फाशी त्यानेही काढली नव्हती, हेही सांगून ठेवतो. बौद्ध राजालाही ते जमलं नाही. बाबासाहेब मात्र ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीच्या अपिलावर चर्चा चालू असताना म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं मी पसंत करीन. ज्या माणसाच्या लोकांनी सर्वांत जास्त क्रूर शिक्षा सोसल्या, त्याने हे म्हटलं. हे दुबळेपण नाही. त्यांना माहीत होतं की दोर वर टांगला की तो कुणाच्या मानेच्या उंचीवर येतो.

७

म्हणून मित्रा, तुझ्या कवितेबद्दल. तिच्यातला राग खरा आहे, एक अक्षर कमी करू नकोस. पण तिच्यातली हत्यारं उसनी आहेत. ती ज्यांच्या कोठारातली आहेत, त्यांनी ती आपल्यासाठीच घडवली होती. आणि कवितेत एक जागा रिकामी आहे. तीन दिवस फिर्याद न घेणारा अंमलदार त्यात नाही. मारणाऱ्याचे हात तोडताना तू त्याला विसरलास. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ वाच. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. तेलाच्या मानाने हे फार फिकं वाटतं, कवितेत बसत नाही. पण नाना फडणवीस ज्या दिवशी सहा महिने आत जाईल, त्या दिवशी घाशीराम निपजायचे बंद होतील.

आजीने जे मागितलं ते तुझ्या कवितेपेक्षा भारी होतं. तिला त्याचा हात नको होता. तिला तिचं नाव पुकारलेलं ऐकायचं होतं. ज्या गावात तिला आयुष्यभर नावाने कुणी हाक मारली नाही, त्या गावासमोर कोर्टाचा पट्टेवाला मोठ्याने तिचं पूर्ण नाव घेईल आणि मारणारा मान खाली घालून उभा असेल. याच्याहून कडक शिक्षा मला तरी सुचत नाही. आणि यात रक्ताचा थेंब नाही.

तारीख लागली की कळवू. सगळ्यांनी यायचं. कवीने तर यायचंच, आणि पट्टेवाला नाव पुकारेल तेव्हा आजीचं तोंड बघायचं. पुढली कविता तिथून सुरू कर.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी लिहावं, शिव्या घातल्या तरी चालतील. पुढल्या अंकात छापू.

जयभीम.